दरवडेखोरांचीं गाणीं : मेक्सिकोंतलीं आणि आपलीं

(आकाशवाणीवरून केलेलें भाषण)



गेल्या दिवाळींत माझा नातू पुण्याहून आमच्या लोहाऱ्यास आला होता. अंगणांत खाटेवर पडून तो आपल्या भ्रमणध्वनीवर एकच गाणें वारंवार लावीत असे. त्यांत तुतारीच्या जातीचीं वाद्यें होतीं, गिटारीचा खर्ज होता, आणि गाणाराचा आवाज किंचित् घोगरा, ओरडल्यासारखा होता. ठेका मात्र असा कीं, हातांतलें वर्तमानपत्र बाजूस ठेवून मीहि गुडघ्यावर ताल धरूं लागलों. "हें कोणत्या भाषेंतलें?" म्हणून विचारतां तो म्हणाला, "स्पॅनिश, आजोबा. मेक्सिकोचें आहे." "आणि अर्थ काय?" तो त्यास ठाऊक नव्हता. ज्यानें चौतीस वर्षें मुलांना कवितेचा अर्थ विचारण्यांत घालविलीं, त्या माणसास हें उत्तर पचणें कठीण. आम्हीं दोघांनीं मिळून त्याच यंत्राकडून अर्थ काढून घेतला. तें गाणें मादक पदार्थांचा चोरटा व्यापार करणाऱ्या एका म्होरक्याच्या स्तुतीचें होतें. त्याच्या मोटारी, त्याचीं हत्यारें, त्याचे इमानी सोबती, त्याची मातृभक्ति आणि गोरगरिबांवरील त्याची मेहेरनजर, असा सगळा थाट त्यांत वर्णिला होता. मीं चष्मा काढून खाली ठेवला. असलें गाणें मीं पूर्वीं ऐकलें होतें. स्पॅनिश भाषेंत नव्हे. आमच्याच भागांतल्या एका चावडीपुढें, डफाच्या ठेक्यावर.

मेक्सिको देशांत या काव्यप्रकाराला 'कोरीदो' म्हणतात. एकोणिसाव्या शतकांत तो तेथें रुजला आणि १९१० सालीं सुरू झालेल्या राज्यक्रांतीच्या धामधुमींत गांवोगांव पोंचला. कडवें बहुधा चार ओळींचें. आरंभीं साल आणि ठिकाण, मग नायकाचें नांव, मग चकमक, दगा, मृत्यु. आणि शेवटीं गाणारा श्रोत्यांचा रीतसर निरोप घेतो. आपल्या पोवाड्यांत आधीं नमन, मग मर्दाचें नांव-गांव, आणि अखेरच्या चौकांत शाहिराची नाममुद्रा. तेथें डफ-तुणतुण्याच्या जागीं गिटार असते, आणि छातीशीं धरून वाजवावयाची अकॉर्डियन नांवाची पेटी असते. ज्याला अक्षरओळख नाहीं त्याचें वर्तमानपत्र तेथेंहि हेंच होतें आणि येथेंहि हेंच होतें.

या गाण्यांचा उगम समजावा म्हणून एक हकीकत सांगतों. १९०१ सालच्या जून महिन्यांत अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत ग्रेगोरिओ कोर्तेस नांवाच्या एका मेक्सिकन शेतकऱ्याच्या घरीं घोडेचोराच्या तपासासाठीं तेथला शेरीफ, म्हणजे आपला फौजदार म्हणा, येऊन उभा राहिला. बरोबर दुभाष्या होता, पण कच्चा. "तूं अलीकडे घोड्याची अदलाबदल केलीस काय?" असें त्यानें विचारलें. कोर्तेस म्हणाला, नाहीं. तें अक्षरशः खरें होतें, कारण त्यानें दिली-घेतली होती ती घोडी. स्पॅनिशमध्यें घोडा आणि घोडी यांना अगदीं निराळे शब्द आहेत. दुभाष्याला तो भेद उमगला नाहीं आणि शेरीफाला वाटलें कीं हा खोटें बोलतो. पिस्तुलें निघालीं. कोर्तेसचा भाऊ जखमी झाला आणि शेरीफ ठार. पुढें दहा दिवस शेंकडों माणसें एका माणसाच्या मागें धांवत होतीं. तो सांपडला, खटल्यामागून खटले झाले, तुरुंगांत वर्षें गेलीं, आणि १९१३ सालीं गव्हर्नरानें त्याला माफी दिली. न्यायालयाच्या कागदांत तो खुनी. सरहद्दीवरच्या गाण्यांत तो हक्कासाठीं पिस्तूल धरणारा मर्द. आमेरिको पारेदेस या विद्वानानें १९५८ सालीं या एका गाण्यावर सबंध ग्रंथ लिहिला. लिंगविचार शिकवितांना मीं ही गोष्ट वर्गांत खचित सांगितली असती. पण ती मला कळली निवृत्त झाल्यावर!

आतां आपल्याकडे पाहूं. पुरंदर तालुक्यांतील भिवडीच्या उमाजी नाईकाचें नांव कोणास ठाऊक नाहीं? रामोशी लोकांकडे किल्ल्याची आणि गांवांची राखण पिढ्यान्‌पिढ्या असे. राज्य बदललें, राखणीचे हक्क गेले, आणि ज्यांनीं चोर धरावयाचे त्यांच्यावरच चोर होण्याची पाळी आली. सरकारनें मध्यंतरी उमाजीला माफी देऊन बंदोबस्ताच्या कामावर घेऊन पाहिलें. तें टिकलें नाहीं. १८३१ सालीं त्यानें इंग्रजांविरुद्ध जाहीरनामा काढला, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो पकडला गेला, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यास त्याला फांशी दिली. गंमत अशी कीं, त्याच्या पाठलागावर असलेला कॅप्टन मॅकिंटॉश यानेंच पुढल्या वर्षीं रामोश्यांवर इंग्रजींत ग्रंथ छापून त्यांत उमाजीचें चरित्र घातलें. शत्रूलाहि ज्याचें चरित्र लिहावेंसें वाटतें, त्याचा पोवाडा आपल्या लोकांनीं गावा यांत नवल काय?

निमाडांतील टंट्या भिल्लाचेंहि तसेंच. ४ डिसेंबर १८८९ रोजीं जबलपुरास तो फांशीं गेला. पण भिल्लांचा तो 'मामा'च राहिला. इंदूरजवळच्या पाताळपाणी घाटांत त्याचें स्थान आहे आणि आगगाडी तेथें त्याला मान देण्यासाठीं थबकते असें लोक सांगतात. मेक्सिकोंत कुलिआकान शहरीं हेसूस मालवेर्दे या दरवडेखोराचें असेंच देऊळ आहे. १९०९ सालीं त्याला फांशी दिली अशी आख्यायिका. तो खरोखर होऊन गेला कीं नाहीं याविषयींच इतिहासकारांस शंका. तरी भाविक नवस बोलतात, आणि त्या भाविकांत चोरटा माल सरहद्दीपार नेणारे पुष्कळ असतात.

सरहद्द हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. मेक्सिको आणि अमेरिका यांच्यामध्यें रिओ ग्रांदे नदी वाहते. एका तीरावरचा गुन्हेगार दुसऱ्या तीरावर पाहुणा होऊं शकतो. आमचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि सोलापूर-बार्शी इंग्रजी अमलांत. आमचीं म्हातारीं माणसें एकाला 'मोगलाई' आणि दुसऱ्याला 'इंग्रजी' म्हणत. ओढा ओलांडला कीं फौजदार बदलला! वासुदेव बळवंत फडके यांनींहि १८७९ सालीं पाठलाग चुकविण्यासाठीं निजामी मुलखाचाच आश्रय शोधला होता. जेथें दोन कायदे शेजारीं नांदतात, तेथें दोहोंना चुकविणाराचें गाणें होतेंच.

शिवाय एक वेदना या गाण्यांच्या मुळाशीं आहे, ती शहरांतल्या श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावी. १८७१ च्या कायद्यानें या देशांतल्या कित्येक जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. सोलापूरच्या तारेच्या कुंपणांतली 'सेटलमेंट' आमच्या भागांतल्या पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिलेली होती. हजेरी दिल्यावांचून बापाला लेकीच्या सासरीं जातां येत नसे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा डाग कायद्यानें पुसला. अण्णाभाऊ साठे यांनीं १९५९ सालीं 'फकिरा' ही कादंबरी लिहिली. दुष्काळांत आपल्या माणसांसाठीं धान्य आणि खजिना लुटणारा तिचा नायक अण्णाभाऊंच्याच आप्तांपैकीं होता, आणि अण्णाभाऊ स्वतः पट्टीचे शाहीर. ज्याला सरकारी दप्तरांत फक्त एक गुन्हा नंबर मिळाला, त्याला माणूस म्हणून उभें करण्याचें काम त्या पुस्तकानें केलें. म्हणून शाळेच्या स्नेहसंमेलनांत उमाजीचा पोवाडा मीं स्वतः मुलांकडून बसवून घेतला आहे, आणि कोणी सांगितलें तर उद्यांहि घेईन.

मग मेक्सिकोच्या गाण्यानें माझा चष्मा कां उतरला?

त्याचें कारण त्या गाण्यांच्या पुढल्या इतिहासांत आहे. १९२० ते १९३३ पर्यंत अमेरिकेंत दारूबंदी होती. तेव्हां मेक्सिकोंतून तेकीला नांवाची दारू खेंचरांवर लादून नदीपार नेणाऱ्यांचीं गाणीं झालीं. त्यांत नायक बहुधा मरत असे, आणि गाणें हळहळत असे. १९३१ सालीं मॉर्फीनचा व्यापार करणाऱ्या एका माणसावरच्या गाण्याची तबकडी निघाली. मग १९७४ च्या सुमारास 'लोस तिग्रेस देल नोर्ते' या वाद्यवृंदाचें एक गाणें गाजलें: मोटारीच्या टायरांत गांजा भरून तिहुआनाहून लॉस एंजल्सला जाणारें एक जोडपें, पैसे हातीं येतांच पुरुष दुसरीकडे जाण्याची भाषा करतो, आणि कामेलिया नांवाची ती बाई त्याला सात गोळ्या घालून पैशांसह नाहींशी होते. ही कल्पित कथा; पण तिनें बाजार उघडला.

१९८० नंतर सिनालोआ प्रांतांतला चालीनो सांचेस नांवाचा एक गायक आला. त्याचा आवाज गोड नव्हता, पण त्यानें धंद्याची नवी रीत पाडली. गिऱ्हाइकानें यावें, आपली अगर आपल्या मेलेल्या भावाची हकीकत सांगावी, पैसे मोजावे, आणि चालीनोनें गाणें करून ध्वनिफीत हातीं द्यावी. पैसे नसले तर घड्याळ किंवा पिस्तूलहि चाले. १९९२ च्या जानेवारींत कॅलिफोर्नियांत भर कार्यक्रमांत एका माणसानें त्याच्यावर गोळी झाडली, आणि त्यानें रंगमंचावरूनच उलट गोळ्या झाडल्या. मे महिन्यांत कुलिआकान येथें कार्यक्रम आटोपल्यावर त्याला नेण्यांत आलें आणि सकाळीं त्याचें प्रेत मिळालें. वयाच्या बत्तिशीच्या आंत तो गेला, आणि त्याच्या फिती त्यानंतर अधिकच खपल्या.

आतां कोणी म्हणेल, शाहिरानें बक्षीस घेणें हें का नवीन आहे? नाहीं. अफझलखानाच्या वधावर पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासास शेरभर सोन्याचा तोडा आणि घोडा मिळाला, असें परंपरा सांगते. पेशवाईंतले शाहीर शेला-पागोट्याच्या आशेनें दरबारीं जात. आमच्या तुळजापुरचा गोंधळीहि यजमानाच्या घराण्याचें नांव आळविल्यावांचून संबळ खाली ठेवीत नाहीं. परंतु कोर्तेसनें आपल्या गाण्यासाठीं कोणास दमडी दिली नव्हती, आणि उमाजी तर फांशीं गेलेला. मेलेल्या, हरलेल्या माणसाचें गाणें आणि जिवंत, धनवान, हाताखालीं मारेकरी बाळगणाऱ्या माणसानें करवून घेतलेलें गाणें, यांची चाल एक असली तरी तीं एका तागडींत घालतां येत नाहींत. दुसऱ्यांत गायकाला 'नाहीं' म्हणण्याची सोय नसते.

आपल्याकडे ध्वनिफितींचा काळ आला तेव्हां असलें कांहींच झालें नाहीं असें मात्र समजूं नये. वाळवा तालुक्यांतील बोरगांवच्या बापू बिरू वाटेगांवकर यांच्यावर ते हयात असतांनाच पोवाडे झाले, चित्रपटहि निघाला. खुनांबद्दल जन्मठेप भोगून आल्यावर ते माळकरी झाले आणि लोकांना सन्मार्गाचा उपदेश करीत. २०१८ सालीं ते वारले. आमच्याकडच्या हॉटेलांत आणि मालमोटारींत त्या फिती मीं पुष्कळ ऐकल्या आहेत. त्यांत उपदेशाच्या वर्षांना फारशी जागा नसे.

आणि अफूच्या व्यापारापुरतें बोलावयाचें तर आपण मेक्सिकोकडे नाक मुरडून पाहण्याचें कारण नाहीं. माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनला जात होती, सरकार तिच्यावर परवान्याचा कर घेत होतें, आणि त्या पैशांतून मुंबईंत मोठमोठीं घराणीं उभीं राहिलीं. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या चीनच्या व्यापारांत कापसाबरोबर अफूहि होती. त्यांच्या देणगींतून १८४५ सालीं रुग्णालय झालें आणि १८५७ सालीं त्यांना बॅरोनेट ही पदवी मिळाली. या धंद्याला पोवाड्याची गरज पडली नाहीं. त्याला पदव्या आणि पुतळे मिळाले.

आमच्या जिल्ह्यांतल्या नळदुर्गास १८५३ नंतर मेडोज टेलर नांवाचा इंग्रज अधिकारी कारभार पाहत होता. नळदुर्गचा किल्ला पाहावयास जाणारे त्याचें नांव ऐकतातच. या टेलरनें १८३९ सालीं एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी प्रसिद्ध केली होती. तिच्यांतला अमीर अली सातशेंहून अधिक खुनांची हकीकत अशा ऐटींत सांगतो कीं, विलायतेंतल्या सुशिक्षित कुटुंबांनीं ती शेगडीजवळ बसून मिटक्या मारीत वाचली. मींहि ती वाचली आहे आणि पुस्तक खाली ठेववलें नाहीं, हें कबूल करतों. वाचून संपल्यावर ध्यानांत आलें कीं, त्या सातशें वाटसरूंपैकीं एकाचेंहि घर मला दिसलें नव्हतें. कोणाची बायको वाट पाहत बसली, कोणाच्या शेताची पेरणी राहिली, याचा त्यांत पत्ता नाहीं. बोलणारा एकच, आणि तो जिवंत राहिलेला.

येथें मला माझ्या आजीविषयीं सांगावयाचें आहे. ती निजामी अमलांत याच भागांतल्या एका खेड्यांत नांदावयास आली. मी लहान असतांना तिच्या मांडीवर निजे, तेव्हां तिच्या कानांशीं खेळण्याची मला खोड होती. तिच्या दोन्ही कानांच्या पाळ्या मधोमध चिरलेल्या होत्या. खाली दोन लहान लोळ्या लोंबत. म्हाताऱ्या बायकांचे कान असेच असतात, अशी माझी कित्येक वर्षें समजूत होती.

त्या काळीं जत्रेंत एक शाहीर येई. जुन्या मोगलाईंतल्या एका नामांकित दरवडेखोराचें गाणें तो फार रंगवून म्हणे. त्याचें नांव मी येथें सांगत नाहीं. त्याचे वंशज आज सालस शेतकरी आहेत आणि त्यांतल्या दोघांना मीं पाढे शिकविले आहेत. गाणें ऐकतांना अंगावर कांटा येई. सावकाराच्या वह्या त्यानें कशा जाळल्या, रांडमुंड बाईच्या मुलीचें लग्न कसें लावून दिलें. आणि परस्त्रीच्या अंगास त्याचा हात कधीं लागला नाहीं, या ओळीवर तर लोक टोप्या उडवीत. मी आठ-नऊ वर्षांचा होतों. घरीं येऊन तें गाणें मीं डबा वाजवीत आजीसमोर म्हणूं लागलों. ती ज्वारी दळीत होती. त्या ओळीशीं मी आलों तेव्हां तिनें जातें थांबविलें आणि डोईवरचा पदर दोन्ही कानांवरून पुढें ओढून घेतला. आईनें मला बाहेर नेलें आणि हळूच सांगितलें: तो आणि त्याची टोळी आपल्या घरीं आली होती, बुगड्या-झुबे काढावयास वेळ लागतो म्हणून त्यांनीं ते ओढले.

मी आजीजवळ परत गेलों आणि विचारलें, "मग तें गाण्यांत कां नाहीं?" ती म्हणाली, "गाणं म्हणणारा त्या राती आपल्या घरी नव्हता, लेकरा," आणि पुन्हां खुंटा धरला. सावकाराच्या वह्या जाळल्या हेंहि खरें होतें. माझ्या आजोबांच्या चुलत्यानें ती राख पाहिली होती. आमचें घर सावकाराचें नव्हतें. तें वाटेवर होतें, इतकेंच.

मेक्सिकोंत आज एक लाखाहून अधिक माणसें बेपत्ता म्हणून सरकारी नोंदींत आहेत. त्यांच्या आया टोळ्या करून माळरानावर फिरतात. लोखंडी सळई जमिनींत खोल ठोकावयाची, वर काढावयाची, आणि टोकाचा वास घ्यावयाचा. वास आला तर तेथें खणावयाचें. हें वाचल्यापासून मला आजीचा पदर पुन्हां पुन्हां आठवतो.

अशीं गाणीं बंद करावीं काय, हा प्रश्न तेथें गाजतो आहे. सिनालोआ प्रांतानें २०११ सालीं दारूच्या गुत्त्यांत तीं वाजविण्यास मनाई केली; २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती मनाई रद्द ठरविली. २०२५ च्या मार्च महिन्यांत ग्वादालाहारा येथें एका वाद्यवृंदानें गातांना मागच्या पडद्यावर एका टोळीनायकाचें चित्र दाखविलें, तेव्हां अमेरिकेनें त्या गायकांचे परवाने काढून घेतले. पुढल्याच महिन्यांत तेश्कोको गांवच्या जत्रेंत एका गायकानें असलीं गाणीं म्हणणार नाहीं असें सांगतांच प्रेक्षकांनीं त्याचीं वाद्यें मोडून टाकलीं. तेथील अध्यक्षा क्लाउदिया शेनबाउम यांचें म्हणणें मात्र बंदी नको असें. त्यांनीं हिंसेचा गौरव न करणाऱ्या गाण्यांची स्पर्धा लावली. आपल्याकडचा अनुभवहि बंदीच्या बाजूचा नाहीं. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनें तमाशावर बंदी घातली, तेव्हां अण्णाभाऊंसारख्यांनीं त्याला 'लोकनाट्य' म्हटलें आणि फड चालू ठेवला. माझ्या शाळेंत एकदां एका गाण्यास मीं बंदी केली होती. आठवड्याच्या आंत पहिलीच्या पोरांनाहि तें पाठ झालें!

तेव्हां नातवाला मीं तें गाणें बंद कर असें म्हटलें नाहीं. त्याला त्याच्या खापरपणजीची ही हकीकत सांगितली. तो उठून बसला. पुष्कळ वेळानें म्हणाला, "आजोबा, त्या रात्रीचें गाणें खापरपणजीनें स्वतः कधीं केलें नाहीं? त्या तर जात्यावर ओव्या म्हणत ना?" मीं आठवून पाहिलें. ती पंढरीच्या ओव्या म्हणे, माहेरच्या म्हणे, भावाच्या म्हणे. त्या रात्रीची एकहि नव्हती, असें मीं त्यास सांगितलें.

तो खाटेवर पुन्हां आडवा झाला. थोड्या वेळानें त्यानें तें मेक्सिकोचें गाणें लावलें. पण आवाज अगदीं बारीक ठेवून.